वाट पाहणारं टोक

भिंतीवरच्या पडद्यावर चित्र आलं आणि पहिल्या नजरेतच तिला कळलं, कंस गेलेत. एखाददुसरा नाही, सगळेच्या सगळे. चौकटी जागच्या जागी होत्या, चौकटींना जोडणाऱ्या रेघा जागच्या जागी होत्या, रंगसुद्धा कुणीतरी मुद्दाम निवडलेले, डोळ्यांना गार वाटतील असे. पण रेघांवर एक अक्षर नव्हतं. आपल्याच घरात शिरावं आणि भिंतीवरचे सगळे फोटो काढून कुणीतरी तिथे नवा रंग मारलेला असावा, वर आणखी ‘कसं छान दिसतंय नाही’ असं आपल्यालाच विचारावं, तसं तिला झालं. टेबलाच्या टोकाला नवा विभागप्रमुख उभा होता. तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, शर्टाची घडी मोडणार नाही अशा बेतानं हात हलवणारा. सगळं ऑफिस त्याला पाठीमागे इस्त्री म्हणायचं. तो म्हणाला, “चित्र जरा स्वच्छ करून घेतलंय.” स्वच्छ! म्हणजे याआधी ते घाण होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मस्तकाच्या पुढे जायला वाटच नव्हती म्हणून तिथेच बसून राहिली, कानांच्या मागे, धुमसत.

तिचं काम सॉफ्टवेअरची रचना काढून देण्याचं. घर बांधायच्या आधी जसा नकाशा काढतात, तसा. बांधणारे वेगळे, दुसऱ्या कंपनीतले, तिला कधीही न भेटणारे. त्यांच्यापर्यंत पोचणार ते फक्त चित्र. त्या चित्रांची जगभर एकच ठरलेली भाषा आहे, यूएमएल नावाची. चौकट म्हणजे प्रोग्रामचा एक भाग, रेघ म्हणजे या भागाचं त्या भागाशी बोलणं आहे. ठीक. पण बोलणं आहे म्हणजे काय? हाक कोण मारतं? उत्तराची वाट कोण बघतं? किती वेळ बघतं? आणि समोरच्यानं ओ दिलीच नाही तर? रेघ यावर मूग गिळून गप्प. सरळ, काळी, सभ्य रेघ. तिला त्या सभ्य रेघांचा पहिल्यापासून राग होता. मात्र ज्यांनी ती भाषा घडवली त्यांनी एक शहाणपणा करून ठेवला होता: भाषेलाच एक दार ठेवलं होतं. तुम्हाला जे म्हणायचंय त्याला भाषेत शब्द नसेल तर आपला शब्द आणा, दुहेरी कंसात घालून रेघेच्या डोक्यावर लिहा, त्याचे नियम मांडून द्या, आणि तो भाषेचाच होतो. त्या दारातून आत शिरायला तिनं तीन वर्षं घालवली होती. रेघेच्या ज्या टोकाला कुणीतरी थांबून राहणार आहे, त्या टोकाशी कंसात लिहायचं: ‘वाट पाहतो’. आणि ‘वाट पाहतो’ लिहिलं की दोन गोष्टी लिहिल्याशिवाय सुटका नाही. किती वेळ, आणि नाहीतर काय. ‘नाहीतर’ची जागा कोरी राहिली की अख्खं चित्र लालभडक व्हायचं आणि पुढे सरकायलाच नकार द्यायचं. या कंसांवरून ऑफिसातल्या पोरांनी तिला कंसमामी नाव ठेवलं होतं. मामा जन्मलेली मुलं मारायचा, ही मामी चुका जन्मल्या-जन्मल्या मारते. तिला ते कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं.

“कंस कुठे गेले?” तिनं विचारलं. आवाज तिच्या मते नेहमीचाच होता, पण शेजारच्यानं खुर्ची इंचभर सरकवली. शेजारचा म्हणजे गणिती. वीस वर्षांचा सोबती. कंसांचे नियम तपासणारा प्रोग्राम त्यानंच लिहिलेला. चित्र लाल करणारा तो. “कंस ना,” इस्त्री म्हणाला, “नवीन टूलमध्ये आपण सगळी चित्रं हलवली. त्याला जे ओळखता आलं नाही ते त्यानं काढून टाकलं. तसा संदेशही आला होता. अनोळखी सजावट वगळली.” सजावट! तिनं गणितीकडे पाहिलं. गणिती चहाच्या कपात पाहत होता, जणू कपाच्या तळाशी कुणीतरी बुडत होतं. “आणि मग आम्ही पाहिलं तर चित्र किती वाचायला सोपं झालं होतं,” इस्त्री पुढे म्हणाला. “म्हटलं, राहू दे. शेवटी आपण स्टँडर्ड पाळायला हवं ना, मॅडम.” ती म्हणाली, “कंस स्टँडर्डमध्येच आहेत. तुम्ही वाचलंय का स्टँडर्ड?” इस्त्री हसला. न वाचलेली माणसं जसं हसतात तसं. ती हे हसू ओळखत होती. नाकानं कांदे सोलायचे आणि डोळ्यांत पाणी मात्र दुसऱ्याच्या.

काम एका हॉस्पिटलचं होतं. खाटेशी एक बटण. पेशंटनं ते दाबलं की निरोप मधल्या मोठ्या यंत्राकडे जातो, यंत्र तो निरोप नर्सच्या हातातल्या फोनवर पाठवतं, नर्स येते. तीन चौकटी, दोन रेघा. लहान पोरालाही काढता येईल. पण बटण दाबल्यावर ते यंत्राच्या उत्तराची वाट बघत बसतं, आणि वाट बघताना दुसऱ्यांदा दाबलेलं मोजत नाही. यंत्र गप्प राहिलं तर बटणही गप्प. गेल्या वर्षी चाचणीच्या वेळी, एका रिकाम्या होत आलेल्या मजल्यावर, तिनं हे स्वतः पाहिलं होतं. म्हणजे पाहिलं नव्हतं, तेच तर. ती शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसली होती, पडदा शांत होता, आणि पडदा शांत म्हणून सगळी मंडळी खूश होती. भिंतीपलीकडे एक म्हातारा सकाळभर बटण दाबत होता. बटणावरचा दिवा लागला नाही तेव्हा त्याला वाटलं, माणसं कामात असतील. तो थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबला. आरडाओरडा केला नाही, शेजारच्याला उठवलं नाही, भल्या माणसासारखा थांबला. नर्स तिच्या नेहमीच्या फेरीला गेली तेव्हा त्यानं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली होती आणि तो भिंतीकडे तोंड करून रडत होता, कारण अंथरूण ओलं झालं होतं. मेला नाही, पडला नाही, काही मोडलं नाही. कुठे नोंद व्हावी असं काहीच घडलं नाही. पण नर्सच्या हाकेनं ती दाराशी गेली होती, आणि चादरीची ती कड मुठीत धरलेली त्याची बोटं ती विसरली नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी तिनं ‘नाहीतर’ सक्तीचं केलं. उत्तर आलं नाही तर बटणानं स्वतः वाजायचं. तिथल्या तिथे, खोलीच्या दाराशी, कुणाच्या परवानगीची वाट न बघता.

हे सगळं ती बोलली. कदाचित जरा मोठ्यानं बोलली. टेबलाच्या पलीकडे हॉस्पिटलच्या मेट्रनबाई बसल्या होत्या, जाड भिंगांचा चष्मा, दमलेला चेहरा. तिला वाटलं, निदान या तरी. ज्यांच्या मजल्यावर हे बसणार आहे त्या तरी. मेट्रननी दोन्ही चित्रं पाहिली, जुनं आणि नवं, आणि म्हणाल्या, “खरं सांगू का, आम्हाला हे नवंच बरं वाटतं. त्या जुन्यावर केवढं लिहिलं होतं, बघूनच धडकी भरायची.” झालं! इस्त्रीनं हात पसरले, बघा म्हणून. “मॅडम, तुमची माहिती वाया जाणार नाही. ती आपण पुरवणीत टाकू.” “आणि बांधणाऱ्यांनी पुरवणी वाचली नाही तर?” “वाचतील हो.” “यंत्र गप्प राहिलं तर?” “तसं काही होणार नाही.” “पण झालं तर?” “मॅडम,” आता तो खाली वाकला, आवाज मऊ केला, आजारी माणसाशी बोलावं तसा, “ग्राहकासमोर इतकं अभद्र कशाला बोलायचं?”

अभद्र. हा शब्द त्याला कुठून मिळाला देव जाणे. त्याच्या तोंडी तो शोभतही नव्हता. कुणा आजीकडून, आत्याकडून ऐकलेला असणार. पण शब्द आला आणि तिचा डावा गाल तापला. तापला म्हणजे खरोखरच. तिनं बोटं लावून पाहिली. ती दहा वर्षांची होती. दोन खोल्यांचं घर, मधल्या खोलीत जेवायचं टेबल, त्यावर निळ्या चौकड्यांचं मेणकापड, आणि मेणकापडावर झाकून ठेवलेलं जेवण. वडील औषधांच्या कंपनीचे फिरते विक्रेते. “आलोच,” म्हणून गेले होते. ते नेहमीच “आलोच” म्हणून जायचे. त्यांच्या आलोचला हात नव्हते, पाय नव्हते, घड्याळ तर नव्हतंच. ते येईपर्यंत आई जेवायची नाही. कुणी सांगितलं होतं असं नाही. वडील तर म्हणायचे, “कशाला थांबतेस? जेवत जा.” असं म्हणून हात झटकले की झालं. त्या वेळी रात्र गेली, सकाळ झाली, दुपार झाली. आईनं तिला दोन्ही वेळा पोटभर जेवायला घातलं आणि स्वतः समोर बसून राहिली, जेवण गरम करत, पुन्हा झाकत. खिडकीतून ऊन मेणकापडावर आलं होतं, भाजीच्या वासाला आंबूस कड यायला लागली होती. ती टेबलाशी अभ्यास करत होती, भूगोलाचा नकाशा, गावांचे ठिपके जोडायचे. वर न बघताच तिनं विचारलं, “आई, तू किती वेळ थांबणार?” आई म्हणाली, “येईपर्यंत.” तिनं दुसरा ठिपका जोडला आणि विचारलं, “आणि आलेच नाहीत तर?” मुलीनं विचारलेला साधा प्रश्न, वाईट काही तिच्या मनात नव्हतं, गणित सोडवताना पुढची पायरी विचारावी तसं विचारलं होतं. आईचा हात असा काही आला की पेन्सिल मोडून नकाशाला भोक पडलं. “अभद्र बोलू नये,” आई म्हणाली. त्याआधी आईनं कधी मारलं नव्हतं आणि त्यानंतरही कधी नाही.

आणि वडील? आले की! तिसऱ्या दिवशी, एका मित्राला घेऊन, दारातूनच हसत, हातात फळांची पिशवी. “अगं, याच्याकडे थांबलो, आग्रहच केला.” आई उठली आणि जेवण गरम करायला लागली. चाळीस वर्षं होत आली, तरी तो गॅसचा खटका आठवला की तिचे दात आवळले जायचे. थपडेचं तिला काही वाटत नव्हतं. तो खटका मात्र! आदळआपट नाही, एक चढा शब्द नाही. खट, आणि निळी ज्योत, आणि वर पातेलं. तिनं लग्न केलं तेव्हा नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, मी कुणासाठी जेवायची थांबणार नाही. तो म्हणाला होता, अगं मी कुठे सांगितलंय थांबायला? म्हणजे वडिलांचंच वाक्य, नव्या शर्टात. ते लग्न सहा वर्षं चाललं. मोडलं तेव्हा लोक म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवरून. एवढीशी! सगळ्या मोठ्या गोष्टी एवढ्याशा रेघेवरूनच तर जातात.

“तर मॅडम, दुपारपर्यंत तुमची सही झाली की चित्र बांधणाऱ्यांकडे पाठवून देऊ,” इस्त्री म्हणत होता. “मेट्रनबाई आज दिवसभर इथेच आहेत.” नियम असा होता की रचनेच्या छापील चित्रावर रचना करणाऱ्याची सही लागते, तिच्याशिवाय ते चित्र दाराबाहेर जात नाही. तिनं वही मिटली, पेनाचं टोपण लावलं, आणि उठली. जिन्यात गणितीनं तिला गाठलं. दोघं मधल्या वळणावर उभे राहिले, जिथे खिडकीखाली तुटक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असत. “सही करून टाक,” तो म्हणाला. “पुरवणीत येईल सगळं.” “पुरवणी कोण वाचतं?” “कुणी नाही,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नसे. गप्प बसणं मात्र आता छान जमायला लागलं होतं. “तू का बोलला नाहीस? तीन वर्षं डोकं खाजवलंस माझ्याबरोबर, आणि आज तोंडाला कुलूप? नियम तुझे होते रे! लाल रंग तुझा होता!” तो खिडकीतून बाहेर पाहत राहिला. खाली गाड्या लावायच्या जागेत कुणीतरी गाडी पुढेमागे करत होतं, एका रेषेत बसवायला. “घरी मुलगी विचारते,” तो म्हणाला, “बाबा, तुम्ही रोज चिडून का येता? मी ठरवलं, आता चिडायचं नाही.” तिला त्याची कीवही आली आणि त्याच्या कानाखाली आवाज काढावासाही वाटला, दोन्ही एकदम. “बरं केलंस,” ती म्हणाली. “तुझ्या वाट्याचंही मीच चिडते. तू काही घोडं नाही मारलंस कुणाचं.” आणि खाली उतरली.

घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं, दुपारी जेवायला ती घरीच जायची. रस्त्यानं जाताना तिला चौकटी आणि रेघा दिसत होत्या. राग आला की तिला नेहमीच दिसायच्या. फुटपाथवर एक बाई फोनवर “हो, हो, निघालेच” म्हणत जागची हलत नव्हती: रेघ, आणि पलीकडच्या टोकाला कुणीतरी थांबलेलं, त्याला कुणी कंस घालणार नव्हतं. बँकेच्या दाराशी रांग. दवाखान्याच्या काचेआड खुर्च्यांवर माणसं, प्रत्येकाची नजर एकाच दारावर. सिग्नल लाल होता आणि गाड्या थांबल्या होत्या, पण सिग्नलला निदान वेळ ठरलेली. सिग्नल सभ्य नव्हता, सिग्नल प्रामाणिक होता. बाकी सगळं शहर ‘येईपर्यंत’वर चाललेलं, आणि ते तसं चालतं कारण थांबणारे ओरडत नाहीत. ओरडले तर म्हणायचं, अभद्र बोलू नका. स्वच्छ चित्र म्हणजे काय, तर ज्यात थांबणारा दिसत नाही ते चित्र. तिला एकदम वाटलं, परत जावं आणि इस्त्रीच्या त्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर, छातीवर, जाड मार्करनं दोन कंस काढावेत. या विचारानं तिला जरा बरं वाटलं. मग पुन्हा आग.

दार उघडून आत आली तर आई टेबलाशी बसून शब्दकोडं सोडवत होती. ऐंशीची आई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पेन्सिल तोंडात. समोर तिचं एकटीचं ताट झाकून ठेवलेलं. आईचं ताट धुऊन ओट्यावर पालथं घातलेलं होतं. ती दारातच थांबली. “जेवलीस?” “जेवले की,” आई म्हणाली. “मला भूक लागली होती.” “माझ्यासाठी थांबली नाहीस?” हे शब्द तिच्या तोंडून असे काही निघाले, दुखावलेले, रडवेले, की तिचे तिलाच ऐकवेनात. आईनं चष्म्यावरून पाहिलं. “किती वेळ थांबायचं गं? तूच सांगून ठेवलंयस ना, दीडपर्यंत बघ, नाहीतर जेवून घे. आता जेवले तर तोंड एवढंसं करतेस. तुझं म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.” ती मटकन खुर्चीत बसली. म्हणजे आपल्यालाही हवंच होतं तर, कुणीतरी उपाशी थांबलेलं. आतून कुठून तरी वडिलांचं हसू ऐकू आलं, फळांची पिशवी घेऊन आलेलं, आणि या वेळी ते तिच्या स्वतःच्या तोंडावर होतं. शी! तिनं ताटावरचं झाकण काढलं आणि जेवायला लागली. चव कळत नव्हती. जेवता जेवता तिनं सकाळची हकिगत सांगितली, कंस, सजावट, मेट्रन, अभद्र. आई ऐकत होती की कोडं सोडवत होती, कळत नव्हतं.

“आई, तू मला एकदा मारलं होतंस, आठवतं?” ती शेवटी म्हणाली. कधीच विचारलं नव्हतं. आई म्हणेल, मी? तुला? छे! असं तिनं धरूनच ठेवलं होतं. “आठवत नाही कसं?” आई म्हणाली. “चांगलीच लगावली होती. नकाशाला भोक पडलं होतं.” “का मारलंस?” आईनं पेन्सिल खाली ठेवली. “अगं, दीड दिवस मी मनात तेच म्हणत होते. नाही आले तर. नाही आले तर. दुसरं काही सुचतच नव्हतं. आणि तू खुशाल मोठ्यानं बोलून मोकळी. मला वाटलं, ही माझ्या डोक्यात शिरली की काय.” खिडकीतून ऊन टेबलापर्यंत आलं होतं. आई हातानं ते झाडल्यासारखं करत म्हणाली, “आणि त्या रात्री मी ठरवूनच टाकलं. नाही आले तर तुला घेऊन मावशीकडे जायचं. तिच्या शेजारी शिवणकामाचं दुकान होतं, तिथे बसायचं. तुझी शाळा कुठली, तेही ठरवलं. सगळं ठरलं होतं. मला झोपच लागली गं त्या रात्री, इतकी शांत.” “मग?” “मग काय? हे दारात. हसत, फळं घेऊन. इतका राग आला मला, इतका राग, काय सांगू. आले म्हणून!” “मग बोलली का नाहीस?” आई तिच्याकडे पाहत राहिली, या मुलीला शिकवलं तरी कुणी, अशा नजरेनं. “कुणी विचारलं?” ती म्हणाली. “तू विचारलंस तेवढंच. तुला मी मारलं. नंतर कोण विचारतंय? जेवण गरम केलं.” आणि पुन्हा कोड्यात शिरली.

चाळीस वर्षं ती त्या गॅसच्या खटक्याला आईची हार समजत आली होती. ‘नाहीतर’ आईकडे होतं. पूर्ण होतं, मावशी, दुकान, शाळा, सगळं. फक्त ते लिहायला जागाच नव्हती. त्या घराच्या चित्रात रेघ होती, आणि रेघेवर काही लिहायची पद्धत नव्हती. परतीच्या वाटेवर तिला हे समजत गेलं, आणि समजलं म्हणून राग कमी झाला असं मुळीच नाही. उलट आता त्याला बूड मिळालं, उभं राहायला. इस्त्री मूर्ख नव्हता. गणिती भित्रा नव्हता. मेट्रनबाईंना तर धडकीच भरत होती, त्यांनी तोंडानं सांगितलं. सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न होता, सकाळपासून, आणि ज्यानं मोठ्यानं विचारला त्याच्यावर हात उचलायचा ही जुनीच रीत. तिनं भांडून पाहिलं होतं. समजावून पाहिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. मग आता? आता ऑफिसच्या दारातून शिरताना ती चौथ्या मजल्याच्या जिन्याकडे वळलीच नाही. तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये गेली, काचेशेजारचं टेबल धरलं, चहा मागवला आणि बसली.

थोड्या वेळानं फोन वाजला. इस्त्री. तिनं फोन टेबलावर उताणा ठेवला आणि वाजू दिला. कँटीनवाल्यानं लांबून पाहिलं. चहा बरा होता. ती कशाचाच विचार करत नव्हती, म्हणजे चादरीची कड धरलेल्या बोटांचा करत होती. पुन्हा फोन. मग निरोप: मॅडम, आम्ही खोलीत आहोत. मग नुसतं प्रश्नचिन्ह. आपण चूक करतोय का, असं एकदा आत काहीतरी लुकलुकलं. नोकरी जाईल, मग या वयात कोण घेईल, आईला काय सांगणार. तिनं दुसरा चहा मागवला. तो यायच्या आत गणिती आला, जिना धावत उतरल्यासारखा, हातात छापील चित्राची गुंडाळी. “अगं, इथे काय करतेस? वर सगळे थांबलेत!”

“किती वेळ थांबणार आहेत?” तिनं विचारलं.

“किती वेळ म्हणजे? तू येईपर्यंत.”

येईपर्यंत. तिनं कप खाली ठेवला. “आणि मी आलेच नाही तर?”

गणितीनं एकदा वर जिन्याकडे पाहिलं. “मेट्रनबाईंनी पण हेच विचारलं मघाशी,” तो हळूच म्हणाला. “दोनदा.”

“मग? इस्त्री काय म्हणाला?”

“म्हणाला, तसं काही होणार नाही.”

ती हसली. अख्ख्या दिवसात पहिल्यांदा, आणि इतक्या मोठ्यानं की कँटीनवाल्याच्या हातातला कप बशीत खडखडला. गणिती तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सुरू झालं; वीस वर्षांची ओळख, तिला ते ओळखता येत होतं, एखादा नियम त्याच्या डोक्यात जागेवर बसला की असं व्हायचं. “म्हणजे तू मुद्दाम...” तो म्हणाला. “वरची सगळी... वाट पाहतो. वेळ नाही. नाहीतर नाही.” “आणि चित्र स्वच्छ,” ती म्हणाली. तो खुर्ची ओढून बसला. वरच्या मजल्यावर कुणीतरी येरझाऱ्या घालत असेल, शर्टाची घडी सांभाळत.

“चित्र आणलंयस?”

“सहीसाठी.” त्यानं गुंडाळी उलगडली. तीन चौकटी, दोन रेघा आणि त्यांच्या भोवतीचं बाकी सगळं, डोळ्यांना गार वाटणाऱ्या रंगांत.

“पेन काढ.”

“मी?”

“तूच. सकाळी तू गप्प बसलास ना? आता लिही. तुझ्या अक्षरात लिही, म्हणजे वर त्यांना कळू दे की वेड एकट्या कंसमामीलाच लागलेलं नाही. लिहून झालं की खाली मी सही करते, आणि आपण दोघं हे घेऊन वर जाऊ. दुसऱ्या कुठल्याही कागदावर माझी सही मिळणार नाही.”

गणितीनं खिशातून पेन काढलं. टोपण काढताना त्याचे कान लाल झाले होते. मुलीला आज सांगावं लागणार होतं, बाबा पुन्हा चिडून आले. खाटेजवळच्या बटणापासून त्यानं सुरुवात केली. रेघेच्या टोकाशी दोन कंस उघडले, त्याच्या त्या बारीक, ठाशीव अक्षरात लिहिलं, ‘वाट पाहतो’, आणि कंस बंद केले. छापील रंगावर शाई जरा पसरली. तेवढ्यात टेबलावर फोन पुन्हा वाजायला लागला, आणि कागदाखालचं लाकूड त्यासोबत घुमायला लागलं.

“किती वेळ?” त्यानं विचारलं.

“दहा सेकंद.”

त्यानं लिहिलं. आणि मग, मान वर न करताच, गणित सोडवताना पुढची पायरी विचारावी तसं, विचारलं, “आणि नाहीतर?”

तिचा हात आपोआप डाव्या गालाकडे गेला. कुणी मारलं नाही.

“नाहीतर वाजायचं,” ती म्हणाली. “मोठ्यानं. अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.”

तो लिहीत होता. फोन वाजतच होता. तिनं वाजू दिला.